फूट व्हॉल्व्ह वरूनही काढता येतो: एका नव्या प्लंबरच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न असा होता: "आयटीआयला प्लंबर ट्रेड करून आठ महिने झाले, एका ठेकेदाराकडे कामाला आहे. गेल्या आठवड्यात एका सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाईपच्या तळाशी बसणारा, पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बदलायला उतरलो आणि दोन-तीन मिनिटांत डोकं गरगरायला लागलं. कसाबसा वर आलो. शेठ म्हणाले, सकाळी नाश्ता करून येत जा. काका, या कामात सेफ्टीसाठी नेमकं काय काय विकत घेऊ? ग्लोव्हज, बूट कोणते चांगले? आणि पुन्हा उतरायला सांगितलं तर काय करू?"

तू मला काका म्हणालास आणि माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरेतुरे करतो. आधी एक काम कर. अजूनही डोकं दुखत असेल, धाप लागत असेल तर डॉक्टरकडे जा आणि "बंद टाकीत उतरलो होतो" असं स्पष्ट सांग. नाश्त्याचा इथे काही संबंध नाही. सकाळभर धडधाकट असलेला माणूस टाकीत उतरून दोन मिनिटांत गरगरला, तर आधी संशय तिथल्या हवेचाच घ्यायचा. पाय तुझं ऐकत होते म्हणून तू वर आलास. आणखी थोडा वेळ थांबला असतास तर शिडीची पुढची पायरी चढवली नसती, आणि वरच्यांना वाटलं असतं, पोरगा खाली काम करतोय.

तू विचारलंस काय विकत घेऊ. ते सांगतोच. पण त्या टाकीत तुझ्या हातात बाजारातले सगळ्यात महाग ग्लोव्हज असते तरी चक्कर तशीच आली असती. आपल्या कामात घात करतं ते न दिसणारं: टाकीतली हवा, पाईपात उतरलेली वीज, ट्रॅपमध्ये (सिंक-नाहणीखालच्या, पाणी अडून राहणाऱ्या भागात) आदल्या रात्री कोणीतरी ओतून ठेवलेलं रसायन. मी १९९७ पासून हे काम करतोय. पहिली सहा वर्षं हेल्पर, मग मिस्त्री, आता महापालिकेचं लायसन्स काढून स्वतःची कामं घेतो. डोंबिवली-ठाण्याकडच्या जुन्या इमारती जास्त. एवढ्या वर्षांत जवळून जे अपघात पाहिले, त्यातले बहुतेक "दोन मिनिटांचं काम आहे, पटकन करून टाक" या वाक्याने सुरू झाले. मोठ्या कामाला आपण पाणी बंद करतो, सामान मांडतो, माणसं लावतो. दोन मिनिटांच्या कामाला तयारी कोणी करत नाही. तेव्हा तुझा खरा प्रश्न मला असा दिसतो: हातात पाना घ्यायच्या आधी काय बघायचं, आणि जे बघितलं ते शेठला कसं सांगायचं.

मी सांगतो ते सगळं तुझ्या साईटला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. इमारत किती जुनी आहे, पाईप जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) की सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे), टाकीला झाकणं एक की दोन, तुझ्या शेठचा स्वभाव कसा, यावर बरंच ठरतं. पण कारण समजलं की आपल्या जागेवर काय करायचं ते तुझं तुलाच उमगेल. म्हणून "हे कर, ते करू नको" यापेक्षा "का" ते जास्त सांगतो.

आधी टाकी. पिण्याच्या पाण्याची स्वच्छ टाकी, तिथे कसला वायू, असं सगळ्यांनाच वाटतं. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची समजतात. आता बंद टाकीत तो कमी कसा होतो बघ. आतली शिडी, पाईप, उघड्या पडलेल्या सळ्या गंजतात, आणि गंज चढताना लोखंड हवेतला प्राणवायू खातं. तळाला बसलेला गाळ कुजतो, तोही खातो. नव्या इमारतीत कधी कधी स्लॅब पडल्यावर सेंट्रिंगच्या (ओल्या काँक्रीटला आधार देणाऱ्या) फळ्या आतच राहतात, वर झाकण बसतं, आणि ओलं लाकूड महिनोन्‌महिने आत कुजत असतं. अशी टाकी पहिल्यांदा उघडून फळ्या काढायला उतरणारी माणसं मेली आहेत. आतून नुकताच वॉटरप्रूफिंगचा कोट मारला असेल तर थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसून राहते. आणि टाकी उपसायला कोणी पेट्रोलचा किंवा डिझेलचा पंप आत उतरवला, नाहीतर तोंडाशीच चालवला, तर कार्बन मोनॉक्साइड भरतो. त्याला ना रंग, ना वास.

गावाकडे विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायची रीत होती. माझे वडीलही बघायचे. टाकीला ती भरवशाची नाही. ज्योत विझण्याच्या बरंच आधी हवा माणसासाठी वाईट झालेली असते, म्हणजे दिवा जळतोय तरी तू सुरक्षित नसतोस. कार्बन मोनॉक्साइड दिव्याला कळत नाही. आणि आत थिनरची वाफ किंवा मैल्याचा वायू असेल तर तोच दिवा भडका उडवेल. नाकावर रुमाल, कापडी मास्क, करोनातला एन ९५ यांचाही उपयोग नाही. मास्क धूळ अडवतो, नसलेला प्राणवायू तयार करत नाही.

मी काय करतो ते सांगतो. टाकीची सगळी झाकणं उघडतो, आणि उघडून मोकळं होत नाही, कारण झाकण उघडल्याने तळातली हवा आपोआप बदलत नाही. विजेवर चालणारा ब्लोअर बाहेर ठेवतो आणि त्याची लवचिक नळी पार तळापर्यंत सोडतो. ताजी हवा खालून भरली की जुनी वरून बाहेर पडते. मग गॅस मीटर दोरीला बांधून आधी तोंडाशी, मग मध्यावर, मग तळाशी सोडतो आणि प्रत्येक जागी थोडा थांबतो. हा मीटर चार गोष्टी दाखवतो: प्राणवायू, पेट घेणारा वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. आकडे ठीक आले तरच माणूस उतरतो, मीटर त्याच्या छातीला लावलेला असतो आणि ब्लोअर काम संपेपर्यंत चालू. उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक वर. वरचा माणूस त्या जागेवरून हलत नाही, फोनवर बोलत नाही, चहाला जात नाही, दर मिनिटाला हाक मारतो. आणखी एक, प्राणवायूचा सिलिंडर आणून टाकीत सोडायचा कधीही नाही. प्राणवायू वाढला की कपडे, ग्रीस, केस साध्या ठिणगीने पेटतात.

मीटर महाग आहे, तुझ्या पगारात तो बसणार नाही हे मला माहीत आहे. माझाही पहिली दहा वर्षं नव्हता. तेव्हा मी काय करायचो? टाकीत उतरायचोच नाही. तुझ्या कामाकडे परत ये. फूट व्हॉल्व्ह सक्शन पाईपच्या खालच्या टोकाला असतो. पाईप स्लॅबमधून सरळ वर आला असेल, तर पंपाजवळचा युनियन किंवा फ्लँज (पाईप खोलता यावा म्हणून टाकलेला जोड) खोल, क्लॅम्प सैल कर आणि दोघांनी मिळून अख्खा पाईपच वर घे. दीड इंची जीआयचा दहा फुटी तुकडा पाण्यासकट दोन माणसांच्या आवाक्यातला असतो. थोडा वर आला की स्लॅबच्या तोंडाशी पाईपला क्लॅम्प आवळायचा, म्हणजे हातातून सुटला तरी परत टाकीत जाणार नाही. पंपरूमचं छत आडवं आलं तर वरचा तुकडा खोलून दोन टप्प्यांत काढायचा. व्हॉल्व्ह उजेडात, कोरड्यावर, उभ्याने बदलायचा आणि पाईप परत सोडायचा. जोडताना स्लॅबच्या वर एक युनियन टाकून ठेव, पुढच्या वेळी काम अर्ध्या तासाचं होईल. पाईप भिंतीतून आडवा गेला असेल तर हे जमणार नाही, ते मान्य. पण मी हाताळलेल्या सोसायट्यांत निम्म्याहून जास्त ठिकाणी जमलं. तुझ्या शेठला हे सुचलं नाही, कारण पोरगा उतरवणं सोपं वाटतं.

मैल्याची टाकी आणि ड्रेनेजच्या खोल चेंबरबद्दल मात्र पर्याय-बिर्याय काही नाही. तिथे उतरायचंच नाही. तिथला हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच मारून टाकतो. "आता वास गेला, चल" असं माणूस म्हणतो आणि नेमका तेव्हाच तो जास्तीत जास्त वायूत असतो. गाळ काठीने ढवळला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून वरून बरी वाटणारी टाकीही काम सुरू केल्यावर घात करते. सेप्टिक टँक किंवा गटारात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. कमिटीवाले आग्रह करायला लागले की मी एवढंच सांगतो आणि सक्शन टँकरवाल्याचा नंबर देतो. वाद घालावा लागत नाही.

खाली कोणी पडलाच तर तू उतरू नकोस. हे लिहायला सोपं आहे, तिथे उभं राहून पाळणं फार अवघड आहे, कारण खाली आपलाच सोबती असतो. पण एक पडला, त्याला काढायला दुसरा गेला, दोघांना काढायला तिसरा गेला, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. जी हवा पहिल्याला घेऊन गेली तीच दुसऱ्याला घेऊन जाते. दोरी आधीच बांधलेली असेल तर वरून ओढ. नसेल तर १०१ ला फोन करून "टाकीत माणूस बेशुद्ध आहे" असं सांग, मग १०८. अग्निशमनवाल्यांकडे पाठीवर घ्यायचा श्वसनसंच असतो, तो घालून ते उतरतात. ते येईपर्यंत ब्लोअर चालू ठेव आणि दुसऱ्या कोणाला उतरू देऊ नकोस.

आता वीज. हे इलेक्ट्रिशियनचं काम, आपलं नाही, असं आपण मानतो, आणि तिथेच फसतो. २००४ च्या पावसाळ्यात एका चार मजली जुन्या इमारतीच्या डक्टमध्ये (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) मी जीआयच्या उभ्या लाईनचा युनियन खोलत होतो. पाय ओल्या लादीवर. पाना लावला, आटे फिरले, काही झालं नाही. दोन तुकडे वेगळे झाले आणि एक हात वरच्या पाईपवर, एक खालच्या पाईपवर असताना मला असा झटका बसला की मी मागच्या भिंतीवर आपटलो. वरच्या एका घरात गीझरची कॉइल फुटली होती आणि त्या घराचं अर्थिंग कोणीतरी कधीकाळी पाण्याच्याच पाईपला बांधलं होतं. पाईप अखंड असेपर्यंत गळणारी वीज त्यातून निमूट जमिनीत जात होती. मी पाईप तोडला आणि मधल्या जागेत मी उभा होतो. एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात. नशिबाने ढकलला गेलो, चिकटलो नाही.

त्या दिवसापासून जुन्या इमारतीत धातूच्या पाईपला हात लावण्याआधी टेस्टर लावतो. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का बघायचं, मग पाईपला, मग पुन्हा सॉकेटमध्ये. मधेच खराब झालेला टेस्टर "वीज नाही" असंच सांगतो, म्हणून हा फेरा. आता मी मल्टिमीटरही ठेवतो. पाईपला टेस्टर पेटला तर काम तिथेच बंद, इलेक्ट्रिशियन बोलवायचा आणि कोणत्या घरातून येतंय ते शोधून बंद करायचं. नाही पेटला तरी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पाईप घासून क्लॅम्प लावतो आणि मधे जाड तांब्याची वायर जोडतो, मगच पाईप तोडतो. वरच्या घरात कोणी त्याच क्षणी गीझर चालू केला तर वीज त्या वायरमधून जाईल, माझ्यातून नाही.

यातली दुसरी बाजू पुष्कळ प्लंबरांच्या ध्यानात येत नाही. जुनी जीआयची लाईन काढून सीपीव्हीसी टाकलं की पाणी छान येतं, पण ज्या घरांचं अर्थिंग त्या पाईपवर होतं ते तुटतं. प्लास्टिकमधून वीज जमिनीत जात नाही. आपण बिल घेऊन गेल्यावर महिन्याभराने कोणाला तरी बाथरूमच्या नळाला झटका बसतो. म्हणून लाईन बदलण्याआधी कमिटीला लेखी देतो की प्रत्येक घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर बसवून घ्या. हे आपलंच काम आहे, कारण पाईप आपण काढला.

गीझर खोलताना बाथरूममधल्या बटणावर विश्वास ठेवू नकोस. बटण एकच वायर तोडतं, आणि कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर बटण बंद असूनही आत फेज जिवंत असतो. बोर्डावरचा एमसीबी (त्या लाईनची वीज तोडणारा खटका) पाड, पिन असेल तर ती काढून खिशात ठेव. घरात पोरं असतील तर एमसीबीवर चिकटपट्टी लावून "चालू करू नका" लिही. आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब-थेंब गळतो म्हणून घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी त्याला डमी (बूच) मारायची नाही. थर्मोस्टॅट अडकला तर पाणी तापतच राहतं, आणि दाब बाहेर पडायची ती एकच वाट असते. व्हॉल्व्ह बदल, किंवा दाब जास्त का येतोय ते शोध.

तिसरी न दिसणारी गोष्ट सगळ्यात घरगुती आहे. चोकअपच्या (पाईप तुंबल्याच्या) कॉलला गेलो की सामान खाली ठेवायच्या आधी मी एकच प्रश्न विचारतो: "ताई, यात काही ओतलंय का?" बहुतेक वेळा ओतलेलं असतं. माझा एक हेल्पर सिंकखालचा बॉटल ट्रॅप खोलायला बसला, चेहरा ट्रॅपच्या समोर. बाईंनी रात्री ड्रेन साफ करायची पावडर दोन पुड्या टाकली होती. पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा. चोकअप सुटला नव्हता, त्यामुळे सगळं तीव्र पाणी ट्रॅपमध्ये उभं होतं. ट्रॅपची खालची वाटी सुटली आणि ते त्याच्या गालावर आणि एका डोळ्यात गेलं. आम्ही त्याला तिथल्याच नळाखाली वीस मिनिटं धरून ठेवलं, पापणी बोटांनी उघडी ठेवून, तो ओरडत असतानाही, आणि मग डॉक्टरकडे नेलं. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, त्या वीस मिनिटांनी वाचला. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर लिंबू, दूध असलं काही शोधत बसायचं नाही. पाणी, भरपूर, लगेच.

ओतलंय असं कळलं की चष्मा आणि लांब रबरी ग्लोव्हज घालायचे, खाली बादली ठेवायची, चेहरा बाजूला घ्यायचा आणि वाटी अर्धा आटा सैल करून पाणी हळूहळू उतरू द्यायचं. त्यावर आपलं ॲसिड कधीही ओतायचं नाही. कॉस्टिकवर ॲसिड पडलं की पाणी उकळून तोंडावर उडतं. आणि नाहणी ट्रॅपमध्ये ब्लीचिंग पावडर असेल, त्यावर टॉयलेट साफ करायचं ॲसिड पडलं, तर क्लोरीन सुटतो. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये क्लोरीन म्हणजे दोन श्वासांत छाती आवळते. सीपीव्हीसी चिकटवायच्या सोल्यूशनचंही तसंच. त्याची वाफ पेट घेते आणि डोकं जड करते. दार उघडं, एक्झॉस्ट चालू, आसपास गॅस गीझर किंवा देवापुढचा दिवा असेल तर बंद करून घ्यायचा, आणि डब्याचं झाकण लावूनच पुढचा एल्बो (कोपऱ्याचा जोड) उचलायचा.

आता खरेदी. ग्लोव्हज एकच जोड घेऊन सगळीकडे वापरू नकोस. मैल्याच्या आणि रसायनाच्या कामाला कोपरापर्यंतचे रबरी. जीआय पाईप, पत्रा, फुटलेली टाईल हाताळायला चामड्याचे. पण पाईपला आटे पाडायच्या मशिनवर आणि फिरत्या कुठल्याही भागाजवळ सैल कापडी ग्लोव्हज नकोत, कारण कापडाचा एक धागा अडकला की हात ओढला जातो. चोकअप काढायच्या रॉड मशिनवर चामड्याचे घट्ट ग्लोव्हज, आणि कापडाचं फडकं हातात धरून ती फिरती स्प्रिंग कधीच पकडायची नाही. मग चष्मा, तोही बाजूने बंद असलेला. पहिल्या पगारातून एकच वस्तू घ्यायची असेल तर मी चष्मा घे म्हणेन, कारण ग्राइंडर, छिन्नी, ॲसिड, सगळ्यांत तो लागतो आणि डोळा दुसरा मिळत नाही. बूट पुढे पोलादी टोपी असलेले आणि तळ न घसरणारे. पावसाळ्यात गमबूट वेगळे. स्लीपरवर काम करणारे जुने मिस्त्री तुला दिसतील. त्यांच्या पायांची बोटं नीट बघ.

ग्राइंडरचं गार्ड काढून चालवणारे तर प्रत्येक साईटवर आहेत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारच्या आसपास फेरे घेतो. डिस्क तडकली तर तुकडा कुठे जाईल ते गार्डच ठरवतं. डिस्कवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती बघ. लाकूड कापायचं दातांचं पातं ग्राइंडरला कधीही लावू नकोस. भिंतीत झिरी मारायच्या आधी स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली-आडवी वायर असेल असं धरूनच चाल आणि शक्य असेल तर तिथला एमसीबी पाड. सिमेंटची धूळ छातीत बसते, तिथे मात्र एन ९५ चा उपयोग आहे. जुन्या इमारतींत राखाडी रंगाचे सिमेंटचे पावसाळी पाईप असतात, त्यात ॲसबेस्टॉस असतं. ते ग्राइंडरने कापायचे नाहीत, फोडायचे नाहीत. ओले करून, जोडापाशी सोडवून अख्खे उतरवायचे.

उंचीचं आणि खड्ड्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथलं धोक्याचं काय ते दिसतं तरी. इमारतीच्या बाहेरून काम असेल तर पूर्ण अंगाचा पट्टा घ्यायचा आणि त्याची दोरी बिडाच्या पाईपला बांधायची नाही. तो पाईप पन्नास वर्षांपूर्वीच्या गंजलेल्या खिळ्यांवर उभा असतो. गच्चीवर कॉलमला किंवा बीमला वेगळी दोरी बांध. परांची दुसऱ्याने बांधली असेल तर चढायच्या आधी स्वतः हलवून बघ. चर दीड मीटरपेक्षा खोल गेला की बाजूंना फळ्या-टेकू लावल्याशिवाय आत वाकायचं नाही, आणि उकरलेली माती काठावर रचायची नाही. घनमीटरभर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूस दोघांना ओढून निघत नाही.

नवीन लाईनची टेस्टिंग पाण्यानेच करायची, हवेच्या कॉम्प्रेसरने नाही. पाणी दाबलं जात नाही, जोड सुटला तर फवारा उडतो आणि दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी साठते, तिने सीपीव्हीसीचे तुकडे गोळीसारखे उडतात. पाणी भरताना वरचा नळ उघडा ठेवून आतली हवा आधी काढून टाक.

पावसाळ्यात तुंबलेल्या चेंबरवर काम असेल तर पायावरची प्रत्येक जखम झाकून घे. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथच आली होती. अशा पाण्यात उतरल्यावर काही दिवसांनी ताप आला, पिंढऱ्या दुखायला लागल्या, तर डॉक्टरला आपलं काम काय आहे ते आधी सांग. नाहीतर साध्या तापाच्या गोळ्यांवर दिवस जातात.

आता शेठ. "मी उतरणार नाही" असं थेट म्हणालास तर त्याला ऐकू येतं, "मला काम करायचं नाही." मी हेल्पर होतो तेव्हा एकदा असंच बोललो आणि दुसऱ्या दिवशी घरी बसलो. पुढे शिकलो की नकाराबरोबर काम पूर्ण करायची वाट सांगायची. "शेठ, पाईप वर ओढून व्हॉल्व्ह बदलू, एक माणूस जास्त द्या, तासात होईल." किंवा, "ब्लोअर आणि मीटर भाड्याने घेऊ, सोसायटीच्या बिलात लावू, मी स्वतः उतरतो." यात तू काम टाळत नाहीस हे त्याला दिसतं आणि पैसे कोण देणार हेही सुटतं. बहुतेक ठेकेदार वाईट नसतात. त्यांनाही कोणी दुसरी पद्धत दाखवलेली नसते. कमिटीसमोर शेठला चूक ठरवू नकोस, बाजूला घेऊन सांग. एवढं करूनही तो "उतर, नाहीतर चालता हो" म्हणाला, तर चालता हो. नीट हात चालवता येणाऱ्या प्लंबरला आज दुसरं काम आठवड्यात मिळतं. घरच्यांना तुझ्याजागी दुसरा मुलगा मिळत नाही.

दोन कागद या महिन्यात करून घे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. प्लंबरही त्यात येतात, आणि ९० दिवसांचा दाखला शेठकडूनच मागायचा आहे, म्हणून त्याच्याशी भांडण नको हे एक कारण. दुसरा, बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा, त्यात अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे.

त्या सोसायटीच्या टाकीचं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तुझ्यानंतर तिथे टाकी धुणारी माणसं उतरणार, त्यांना कोणी सांगणार नाही. उद्या सेक्रेटरीला किंवा वॉचमनला फोन करून विचार: टाकी शेवटची कधी उघडली होती, आतून नवीन कोट मारलाय का, आणि दुसरं झाकण कुठे आहे. तुला तिथे चक्कर आली होती हेही त्यांना सांग, आणि तारखेसह मेसेज करून ठेव. काय उत्तर मिळालं ते इथे लिही, मग पुढचं काम कसं करायचं ते बघू.